न कुजलेलं दुपटं

"दिवसातून दोनदा, एकेक थेंब. एकही दिवस चुकवायचा नाही," डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते. "काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही. म्हणून वाटतं, चाललंय की. पण गेलेली नजर परत आणता येत नाही."

धाकटीने, त्या घरच्या धाकट्या सुनेने, मान हलवली होती. मांडीवर दोन वर्षांची लेक चुळबुळत होती, तिचं नाक वाहत होतं आणि पिशवीत रुमाल सापडत नव्हता. शेजारी आत्याबाई, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याची आत्या, बसून ऐकत होत्या. त्या दोन घरं सोडून एकट्या राहायच्या. हात कापायचे, त्यामुळे स्वतः टाकलेला थेंब डोळ्यात कमी आणि गालावर जास्त जायचा. म्हणून सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचं काम धाकटीकडे आलं. डॉक्टरांचं शेवटचं वाक्य मात्र तिला जरा अतीच वाटलं. डॉक्टर लोक घाबरवतातच, असं ती घरी येऊन म्हणालीसुद्धा.

पुढे जे घडलं ते या थेंबांपासून लांब, मातीबुवांच्या शेतात सुरू झालं.

वस्तीच्या कडेला अर्ध्या एकराचा एक तुकडा होता. त्यात काही उगवेनासं झालं होतं, म्हणून मालकाने तो बुवांना वापरायला दिला होता. सकाळी त्याच्या बांधावर पाय ठेवायला जागा नसायची. शिंपी यायचा, बसचा वाहक यायचा, शाळेतल्या दोन शिक्षिका डोक्यावर पदर ओढून, कुणी ओळखू नये अशा बेताने उभ्या राहायच्या. मधोमध बुवा. रोज मातीत हात घालणारा माणूस, पण नखं अशी स्वच्छ की बघत राहावं.

रीत सोपी होती. आपल्या माणसाचं सुती कापड आणायचं, बुवा ते त्या भूमीत पुरायचे आणि चाळीस दिवसांनी उकरायचे. कापड जसंच्या तसं निघायचं. धुळकट, पण अखंड.

"ही भूमी खात नाही लेकरांनो, सांभाळते," बुवा कापड झटकत म्हणायचे. "चाळीस दिवस! घरी चार दिवस भाजी ठेवून बघा काय होतं ते."

लोक हसायचे आणि हसता हसता हात जोडायचे. भाजीचं काय होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. या मातीत ते का होत नाही, हे मात्र कुणी विचारलं नाही.

धाकटीनेही विचारलं नाही. आणि तिने तर वनस्पतिशास्त्राची पदवी घेतली होती. ती पदवी कपाटात साड्यांच्या खाली होती, आणि घरात लेकीची छाती घरघरत होती. गारठा पडला की पोरीला धाप लागायची. डॉक्टरांनी तोंडात मारायचा फवारा दिला होता, तो उपयोगी पडत होता, पण धाकटीला रोज भरवसा हवा होता. दुपारी पोर झोपली की ती तिच्या पोटाकडे बघत श्वास मोजत बसायची, आणि मोजणी चुकली म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजायची.

शेवटी मोठ्या जाऊबाईच म्हणाल्या, "अगं धाकटे, फवारा चालू ठेव की. कोण नको म्हणतंय? पण एक दुपटं पुरायला आपलं काय जातंय?"

बुवांनी दुपट्याचे दोन तुकडे केले. एक आपल्या शेतात पुरला. दुसरा हातात धरून त्यांनी विचारलं, लेकरू रोज कुणाच्या दारात खेळतं? जाऊबाईंनी आत्याबाईंचं परस सांगितलं. मग तो तुकडा तिथे पुरायचा, बुवा म्हणाले. जिथे कापड खाल्लं जाईल तिथेच लेकराचा श्वास खाल्ला जातोय.

आत्याबाईंच्या परसात पाऊल रुतायचं. वाळलेली पानं, भाजीची देठं, चहाचा गाळ, सगळं त्या वर्षानुवर्षं तिथेच टाकत आल्या होत्या. विकतच्या खताची गोणी त्या दारात कधी उतरली नव्हती. धाकटी खड्डा करायला लागली तेव्हा त्या पायरीवर बसून हसल्या.

"इथे पुरतेयस होय? मग परत कसं मिळेल गं पोरी? माझी माती काही शिल्लक ठेवत नाही."

चाळीस दिवसांनी बुवांच्या शेतातला तुकडा घडीसकट निघाला. मग सगळी गर्दी आत्याबाईंच्या परसात आली. तिथे निघाली ती काठाची शिलाई तेवढी, कारण तिचा दोरा नायलॉनचा होता. कापडाच्या जागी काळी, भोकाभोकांची जाळी. हात लावताच तिचाही चुरा झाला.

"मी कुणाचं नाव घेत नाही," बुवा म्हणाले. "भूमीनेच घेतलंय."

आत्याबाई पायरीवर डोळे किलकिले करून उभ्या होत्या. "काय निघालं गं?" त्यांनी विचारलं. धाकटीने ती शिलाई पिशवीत टाकली, लेकीला उचललं, तिचं तोंड आपल्या खांद्याकडे फिरवलं आणि ती निघाली.

त्या संध्याकाळी ती थेंब घालायला गेली नाही. नवरा म्हणाला की हा सगळा मूर्खपणा आहे, पण थोडे दिवस नकोच जाऊस, घरात वाद नको. मूर्खपणा म्हणणारा तो स्वतःही गेला नाही. जाऊबाईंना वाटलं, आपला नवरा जात असेल. त्याला वाटलं, शेजारचं कुणीतरी बघत असेल. शेजाऱ्यांनी तर आपल्या मुलांना त्या फाटकाकडे फिरकायचीही बंदी केली होती. बाजारातून येताना धाकटीला आत्याबाई पायरीवर बसलेल्या दिसायच्या. मग ती रस्त्याच्या पलीकडून चालायची. पलीकडे सावली असते, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

पोरीचा खोकला होता तसाच राहिला.

तीन आठवडे गेले असतील. धाकटी खिडकीतली कुंडी बदलायला बसली. कुंडीच्या बुडाशी भोकावर तिने, बुवांकडे जायच्या कितीतरी आधी, त्याच दुपट्याची एक फाटून निघालेली पट्टी घातली होती आणि वर माती भरली होती. माती आत्याबाईंच्या परसातली, जुनी, केव्हातरी डबा भरून आणलेली. कुंडी उलटी केली तर पट्टीची जागा होती, पट्टी नव्हती. होते ते बारीक पांढरे धागे, केसाहून नाजूक, मातीच्या कणाकणाला विणून धरणारे.

हे धागे तिने पाहिले होते. तिसऱ्या वर्षाला, सूक्ष्मदर्शकाखाली. वहीत त्यांची आकृती काढून तिने खाली नावही लिहिलं होतं. ही बुरशी होती. मेलेलं खाऊन त्याची माती करणारी.

ती तशीच जमिनीवर बसून राहिली. तिला हे ठाऊक होतं. बुवांना ठाऊक नसेल, जाऊबाईंना नसेल, पण ती त्या परसात उभी होती तेव्हाही तिला हे ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ती माती तपासणीच्या प्रयोगशाळेत गेली. तिथल्या बाईंनी तिला कॉलेजात शिकवलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं, दोन्हीकडची माती बरण्यांत भरून, त्यात कापड पुरून कसं तपासायचं ते सांगितलं आणि विचारलं, "त्या आत्याबाई कशा आहेत?"

"बऱ्या असतील."

"असतील?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आधी बघून ये. बरण्या काय, नंतरही भरता येतील."

पण धाकटीला रिकाम्या हाताने त्या दारात जायचं नव्हतं. जाईन तर पुरावा घेऊनच जाईन, चारचौघांत त्यांच्यावरचा डाग धुऊन जाईन, असं तिने ठरवलं. त्यात आत्याबाईंची काळजी किती आणि आपलं तोंड वर काढायची धडपड किती, हे तिने तेव्हा तपासलं नाही.

तिने एकाच चादरीच्या तीन सारख्या पट्ट्या कापल्या. तीन बरण्या घेतल्या. पहिलीत बुवांच्या शेतातली माती, दुसरीत आत्याबाईंच्या परसातली, त्या जुन्या डब्यात उरलेली. तिसरीतही आत्याबाईंचीच, पण बाईंनी सांगितल्याप्रमाणे कुकरमध्ये तासभर शिजवलेली, तोंडाला कापसाचा बोळा लावून. तिन्हींना सारखंच, उकळून गार केलेलं पाणी. स्वयंपाकघराच्या फळीवर, मिठाच्या डब्याशेजारी त्या चाळीस दिवस राहिल्या. जाऊबाईंनी विचारलं तर ती म्हणायची, लोणचं आहे, उघडू नका.

चाळिसाव्या दिवशी ती बरण्या घेऊन बांधावर गेली. बरोबर बाईही होत्या.

पहिली पट्टी अखंड निघाली. दुसरीची लक्तरं झाली होती. लोक बुवांकडे बघून माना डोलवायला लागले. मग धाकटीने तिसरी बरणी उघडली. पट्टी जशीच्या तशी होती.

"हीसुद्धा त्यांच्याच परसातली माती," ती म्हणाली. "फक्त कुकरमध्ये शिजवली. मग काय, नजर शिजून गेली का आत्याबाईंची?"

शिंपी फसकन हसला. बुवा म्हणाले की जास्त शिकलं की माणसाची श्रद्धा आटते. तेवढ्यात बाई पुढे झाल्या.

"तुम्ही मला ओळखलं नाहीत? पूर्वी शेतकऱ्यांच्या मातीच्या नमुन्यांच्या पिशव्या आमच्या प्रयोगशाळेत पोचवायचं काम करायचात तुम्ही. या तुकड्याची पिशवीही तुम्हीच आणली होती. अहवालही तुम्हीच नेलात."

बुवांची स्वच्छ नखं उपरण्यात गेली.

बाईंनी मग सरळ सांगितलं. या तुकड्यात पंचवीस वर्षं फक्त गोण्यांचं खत पडलं, दरवर्षी आदल्या वर्षाहून जास्त. पालापाचोळा नाही, शेण नाही. खत म्हणजे विष नव्हे, मापात टाकलं तर पीक देतं. पण मुळांना सगळं आयतं मिळालं की ती बुरशीला पोसत नाहीत, आणि वर्षानुवर्षं तेच चाललं की माती आंबट होते, घट्ट होते. मेलेलं कुजवणारी बुरशीही उपाशी मरते. या मातीत कापड सांभाळलं जात नाही. त्याला खायला इथे कुणी उरलेलं नाही, एवढंच. अहवालात हेच लिहिलं होतं, आणि तो वाचून या गृहस्थाने मेलेल्या जमिनीला पवित्र ठरवलं, जिवंत जमिनीला शापित.

शाळेतल्या शिक्षिका सगळ्यांत आधी निघून गेल्या. तुकड्याचा मालक मात्र तिथेच उकिडवा बसून ढेकूळ हातात फोडत राहिला.

धाकटी लक्तर झालेली पट्टी घेऊन जवळजवळ धावतच आत्याबाईंच्या दारात गेली. त्यांना काय काय सांगायचं ते तिने वाटेत जुळवलं होतं.

आत्याबाई पायरीवर होत्या. फाटक वाजलं तशी त्यांनी मान फिरवली, पण धाकटी उभी होती तिथे नाही, जरा बाजूला.

"कोण आहे?"

"मी आहे, आत्याबाई."

"आलीस? ये. सांभाळून, तिथे बादली आहे बहुतेक."

बादली तिथे नव्हती. खिडकीत थेंबांची बाटली होती, तळाशी सुकलेली. त्यांनी आपल्या परीने घालून पाहिले होते थेंब. उजव्या डोळ्याला आता काहीच दिसत नव्हतं. डाव्याला नळीतून बघावं तेवढं दिसत होतं, समोरचं, गोलातलं.

धाकटीने सगळं सांगितलं. बरण्या, कुकर, बुवांची नखं. सांगताना तिचा आवाज बारीक होत गेला. आत्याबाईंनी हात पुढे केला, तेव्हा तिने पिशवीतून दुपट्याची उरलेली शिलाईही काढून त्यावर ठेवली. इतके दिवस तिने ती जपून ठेवली होती. त्यांची बोटं काठावरून फिरली.

"माझीच शिलाई आहे ही," त्या म्हणाल्या. "तुझी लेक व्हायच्या आधी शिवलं होतं. तेव्हा सुईत दोरा घालता यायचा मला." आणि मग, "लेकीला आणलं नाहीस?"

डॉक्टर म्हणाले, डावा डोळा थेंबांनी टिकेल. उजवा गेला. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

आता धाकटी दिवसातून दोनदा जाते. लेक परसात मातीत हात घालून खेळते, खोकला आला तर फवारा घेते. बुवा दुसरीकडे कुठेतरी गेले म्हणतात. धाकटी बुवांबद्दल फारसं बोलत नाही. त्यांनी फसवलं हे खरं. पण चमत्कार खोटा आहे हे कळल्यावरही ती चाळीस दिवस बरण्यांकडे बघत बसली, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून तिचं तुम्हाला सांगणं आहे. कुणी चमत्कार दाखवला तर जरूर तपासा, सगळ्यांसमोर बरण्या उघडा. पण त्या चमत्कारापायी लोकांनी एखाद्या दाराकडे जाणं सोडलं असेल, तर आधी त्या दारात जा. तुमच्याही ओळखीत असं कुणीतरी असेल, एकटं राहणारं, ज्याच्याबद्दल तुम्ही "बरे असतील" असं म्हणता. हे वाचून झालं की उठा आणि बघून या. बाटलीत औषध आहे का, तेही बघा.