सात-सदतीसचा क्रिस्टल

"परत आलं घातलेलीच बिस्किटं. माणसाच्या दातांचा काही विचार करतं का कुणी इथं?"

माल्कम हे ग्लेंडाच्या अगदी कानाशी पुटपुटला आणि पुटपुटता पुटपुटता दोन बिस्किटं उचलून मोकळा झाला. बिस्किटं तिनंच आणली होती हे त्याला पक्कं ठाऊक होतं. इंग्लंडातल्या या बेल्पर गावात तक्रार करायची रीतच अशी आहे. ज्याची तक्रार त्याला ती ऐकू जावी, पण त्याला उद्देशून केली असं मात्र वाटू नये.

"बुडव की चहात," ग्लेंडा म्हणाली. "चहा कशासाठी असतो मग?"

"बुडवली की पडतात तळाशी. मग चमचा शोधा."

मेथडिस्ट चॅपेलच्या मागच्या खोलीत, रविवारच्या शाळेच्या लहानशा खुर्च्यांवर त्यांच्या क्लबची मंडळी शनिवारी दुपारी गुडघे पोटाशी घेऊन बसायची. चाळीसेक वर्षांपूर्वीच्या पद्धतीचे कॉम्प्युटर स्वतःच्या हातांनी बांधायचे, हा त्यांचा उद्योग. दरवर्षी एक नवा बोर्ड ठरायचा. त्याचे सुटे भाग खोक्यांत भरून, मागतील त्यांना टपालानं जायचे. मग कुठल्या कुठल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कुणीतरी ते सोल्डर करायचं आणि काळ्या पडद्यावर एक हिरवा चौकोन लुकलुकायला लागला की बायकोला हाका मारून दाखवायचं. बायको म्हणायची, छान आहे हं. बास, एवढंच. ग्लेंडाही कधीकाळी असं 'छान आहे हं' म्हणणारी बायकोच होती. नंतर तिला वाटलं, नुसतं छान म्हणत बसण्यापेक्षा आपणच करून बघावं. पुस्तकं वाचून, बोटं भाजून ती शिकली, आणि आता क्लबचा पहिला नमुना तीच जोडायची.

क्लबचा एक अलिखित कायदा होता. त्या वर्षी सभासदानं जे भेट म्हणून आणलं असेल, त्याच्याभोवती बोर्ड आखायचा, आणि भेटीला नावं ठेवायची नाहीत. एका वर्षी माल्कमनं जुन्या जुगारयंत्रांतून उपसलेल्या मेमरीच्या चिपा आणल्या होत्या. इतक्या लागल्या की बोर्ड चहाच्या ट्रेएवढा झाला. कुणी चकार शब्द काढला नाही. उलट, हाताला कसा भरीव लागतो, असंच सगळे म्हणाले.

यंदाची भेट रॉयस्टनची होती. रॉयस्टन म्हणजे ग्लेंडाचा नवरा.

रेल्वेच्या सिग्नलांवर त्याचा जन्म गेला होता. निवृत्त झाल्यावर तो खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसला, आणि अख्खा हिवाळा खुर्ची कुठली आणि तो कुठला ते ओळखू येईना. मग एक दिवस बातमी आली, की ज्या जुन्या प्रोसेसरवर क्लबचे सगळे बोर्ड चालत, तो बनवणं कारखाना आता बंद करतोय. रॉयस्टन घराला आग लागल्यासारखा उठला. इंटरनेटवर कुठल्याशा विक्रेत्याकडून त्यानं चिपा ठेवायच्या चार प्लॅस्टिकच्या नळ्या भरून प्रोसेसर मागवले आणि तळ्यातून स्वतः पकडलेले मासे मांडावेत तसे क्लबच्या टेबलावर मांडले.

"दहाचे आहेत," तो म्हणाला होता. "सगळे दहा मेगाहर्ट्झचे. पुढची दहा वर्षं बघायला नको."

माल्कमनं त्यातली एक चीप भिंगाखाली धरली. बराच वेळ धरली. तिच्यावर छापलं होतं की ती वर्षाच्या त्रेसष्टाव्या आठवड्यात बनली आहे.

"छपाई मोठी सुरेख आहे," माल्कम म्हणाला.

मग भिंग नसरीनकडे गेलं. ती शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची, बोर्डाचे नकाशे संगणकावर तीच आखायची. वर्षाचे आठवडे किती ते तिला माहीत नसायला ती काही खुळी नव्हती. "आणि पाय बघा किती चकचकीत," ती म्हणाली. "नव्यासारखे."

भिंग ग्लेंडाच्या हाती आलं तेव्हा तिनं रॉयस्टनकडे पाहिलं. तो पावलांवर डुलत होता, सिग्नल पडायची वाट बघणाऱ्या माणसासारखा. "चल, चहा टाकते," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात रॉयस्टन गावाबाहेरच्या भाजीच्या वाफ्यावर कांद्याची पात लावायला गेला असताना तिनं स्वयंपाकघरात नखांचा रंग काढायचं औषध घेतलं आणि कापसाच्या बोळ्यानं एक चीप पुसली. अक्षरं बोळ्यावर आली, लग्नाहून परतलेल्या पोरीच्या डोळ्यांतलं काजळ यावं तशी. खाली घासल्याच्या बारीक रेघा होत्या. तिनं चीप सॉकेटात बसवली, सात-सदतीसचा, म्हणजे सात पूर्णांक सदतीस मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावला. क्रिस्टल म्हणजे बोर्डाची नाडी. तो जितका भराभर ठोके देईल, तितका प्रोसेसर पळणार. पडद्यावर काही म्हणजे काही आलं नाही. चीप मात्र अशी तापली की बोट ठेववेना. दहाची खरी चीप इतकी तापत नाही. मग तिनं निम्म्या ठोक्यांचा क्रिस्टल लावला, तीन-अडुसष्टचा. हिरवा चौकोन लुकलुकायला लागला, जसं काही झालंच नाही. म्हणजे चीप दहाची नव्हे, चारची.

पुढं रॉयस्टन जेव्हा जेव्हा वाफ्यावर गेला, तेव्हा तिनं उरलेल्या चिपा एकेक करून तपासल्या. सगळ्यांची तीच कथा. पण त्याला सांगायचं कसं? तो आता जिन्यात शीळ घालायला लागला होता. हिवाळाभर जिन्यात फक्त पायऱ्या करकरत होत्या.

आणि आज निर्णयाची वेळ होती. सुटे भाग आणि वेग आज ठरला, की संध्याकाळी नसरीन नकाशा बोर्ड छापणाऱ्यांकडे पाठवणार होती.

"तर मग सात-सदतीस," रॉयस्टन हात चोळत म्हणाला. "ठरल्याप्रमाणं."

सात-सदतीसवर या मंडळींचा भारी जीव. पडद्याशी बोलायला जो वेग लागतो, त्यानं या आकड्याला भागलं की बाकी शून्य. निःशेष भाग गेला की माल्कमला जगात देव असल्यासारखं वाटायचं, आणि चॅपेलची मागची खोली असूनही एरवी त्याला तसं फारसं वाटत नसे.

आज मात्र तो चहात बघत राहिला.

"मी म्हणत होतो," तो म्हणाला, "की तीन-अडुसष्ट काय वाईट आहे? तिथंही भाग निःशेषच जातो."

"निम्मा वेग? का बुवा?"

"मेमरीला जरा उसंत मिळते."

"मेमरीला उसंत?" रॉयस्टन हसला. "मेमरी काय गुरं राखायला जाते?"

"मलाही सावकाशच बरं वाटतं," नसरीन घाईनं म्हणाली. "माझी मुलं शाळेत हा बोर्ड जोडतात. आत काय चाललंय ते त्यांना दिसायला हवं, रॉयस्टन. तुम्हीच म्हणता ना, घाईनं सिग्नल कळत नाही."

"मी ते आगगाडीबद्दल म्हणतो, बाळा."

"आता सावकाशच जायचं तर धड तरी जाऊ," माल्कमला स्फुरण चढलं. "एक-चौऱ्याऐंशी. त्याच्याही निम्मा. काही तापायचा प्रश्नच नाही."

"तापायचं कुणी काढलंय इथं?" रॉयस्टननं विचारलं.

नसरीननं लॅपटॉपच्या पडद्यावरची धूळ बोटानं पुसली. धूळ नव्हतीच तिथं. माल्कमनं बिस्किट चहात बुडवलं, आणि ते पडलं तळाशी.

ग्लेंडा मनात हिशोब करत होती. तीन-अडुसष्टवर सगळ्या चिपा मजेत चालतात, त्याहून खाली उतरायची काही गरज नाही, एवढं म्हटलं की वाद मिटणार. पण तुला कसं माहीत, असं कुणीतरी विचारणार. म्हणजे रॉयस्टनच. आणि हे दोघं भिडेखातर असेच उतरत राहिले तर बोर्ड कासवाला लाजवेल.

"एक-चौऱ्याऐंशीवर अक्षरं कशी उमटतील माहितीये?" रॉयस्टन म्हणाला. "गवंडी फरशा बसवतो तशी. एक बसवली, चहा प्याला, दुसरी बसवली." पण त्याला राग आलेला नव्हता. त्यानं टेबलाभोवती एकेकाकडे पाहिलं आणि खांदे उडवले. "बरं, तुमचं सगळ्यांचं मत पडत असेल तर एक-चौऱ्याऐंशी. मला काय. चिपा दहाच्या आहेत, ज्याला घाई असेल तो घरी मोठा क्रिस्टल लावेल. नसरीन, तसं छाप बोर्डावर. खाली कोपऱ्यात काय लिहिलंयस?"

नसरीननं लॅपटॉप वळवला. बोर्डाच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत होतं: रॉयस्टन बोर्ड, दहा मेगाहर्ट्झपर्यंत.

ग्लेंडानं ते दोनदा वाचलं. खोकी स्कॉटलंडला जाणार, हॉलंडला जाणार. कुणीतरी भला माणूस त्या अक्षरांवर विश्वास ठेवून मोठा क्रिस्टल लावणार. पडदा काळाच राहणार. तो बिचारा आपलंच सोल्डर चुकलं म्हणून रात्रंदिवस सांधे तपासणार, आणि शेवटी कापसाचा बोळा घेणार, जसा तिनं घेतला. मग सगळ्या जगाला कळेल, आणि तेव्हा नाव असेल ते रॉयस्टनचं, विक्रेत्याचं नव्हे.

"एक राहिलंय त्यात," रॉयस्टन म्हणाला.

"काय राहिलं?" नसरीननं विचारलं.

"हिचं नाव." त्यानं हनुवटीनं ग्लेंडाकडे खूण केली, तिच्याकडे न बघता. "इतकी वर्षं पहिला नमुना कोण जोडतं? एका बोर्डावर नाव आहे का तिचं? माझ्या नावाच्या वर टाक. आधी ग्लेंडा, मग रॉयस्टन. मी नुसत्या चिपा विकत घेतल्यात."

"हो की!" माल्कम म्हणाला. "आम्हाला कसं सुचलं नाही कधी?"

"तुला बिस्किटांपुढं सुचतंय कुठं," रॉयस्टन म्हणाला.

नसरीनची बोटं चालली. पांढऱ्या अक्षरांच्या वर आणखी एक ओळ उमटली. ग्लेंडा. आपलं नाव इतकं नीटस दिसतं हे तिला साठाव्या वर्षी कळत होतं. रॉयस्टन तिला एकदम फार आवडला. लग्नात तरी इतका आवडला होता की नाही, कोण जाणे. आणि त्याच वेळी तिला लख्ख दिसलं, की हा माणूस शीळ घालतोय तो चिपांच्या जिवावर नव्हे. शनिवार आला, लहानशा खुर्चीत गुडघे मोडून बसायला मिळालं, माल्कमची थट्टा करायला मिळाली, म्हणून घालतोय. चिपा दहाच्या काय नि चारच्या काय.

"नसरीन, थांब," ती म्हणाली. "ती खालची ओळ खोड."

"कुठली? नावाची?"

"दहाची."

खोलीत सगळे एकदम चहा प्यायला लागले. एकट्या रॉयस्टननं कप खाली ठेवला आणि पहिल्यांदाच सरळ तिच्याकडे पाहिलं.

"का गं?"

ग्लेंडानं आपली लहानशी खुर्ची त्याच्या खुर्चीजवळ ओढली. गुडघ्याला गुडघा लागला.

"कारण त्या चारच्या आहेत, रॉयस्टन. कुणीतरी घासून त्यांच्यावर दहा छापलंय, आणि पहिल्या दिवसापासून आम्हा सगळ्यांना ते माहीत आहे. पण सगळ्या तपासल्यात मी. तीन-अडुसष्टवर एकूण एक चालतात. आत काही खोटं नाही, बाबा. खोटं आहे ते फक्त वरचं लिहिणं."