ओटिस आज येणार नाही

आमच्या पाळणाघरात सकाळी साडेनऊपर्यंत फोनपाशी मी बसते. हे काम कुणालाच नको असतं, म्हणून ते माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं. आपलं पोर आज येणार नसेल तर फोन करून कारण सांगायचं, एवढा साधा नियम. पण इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या फ्लीटवुडच्या आईबापांना तो दरवर्षी नव्याने शिकवावा लागतो. कुणाला झोप लागलेली असते, कुणाच्या फोनची बॅटरी गेलेली असते. एकीने तर चक्क सांगितलं की कुत्र्याला बरं नाही म्हणून पोराला घरी ठेवलंय.

फोन आला नाही की आम्ही करायचा. आधी आईला, मग बापाला, मग प्रवेशाच्या अर्जावर पुढचं जे नाव असेल त्याला. कुणीच उचलत नसेल तर कोट चढवून घरी जायचं आणि दार वाजवायचं. लोक म्हणतात, या बायका नसत्या चौकशा करतात. म्हणोत. घरात एकच मोठं माणूस असलं आणि ते पडलं, तर दोन वर्षांच्या पोराला ना फोन करता येत, ना कडी काढता येत. ते शेजारी बसून राहतं, हाताला लागतील ती बिस्किटं खात.

रॉनी कॅटरॉल आपल्या नातवाला पहिल्यांदा घेऊन आला तेव्हा हेच मी त्याला सांगितलं होतं. जन्मभर ट्राम चालवलेला माणूस, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी कर्स्टी इस्पितळात रात्रपाळी करायची, त्यामुळे ओटिस आजोबाकडेच वाढत होता. म्हाताऱ्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मी पडलो तर तू येणार?"

"फोन आला नाही तर येणार."

"आणि मी नुसताच लोळत पडलेला असलो तर?"

"तर मग चार शब्द ऐकून घ्याल."

तो हसला. मी सत्तावन्न वर्षांची बाई, पण त्या दिवसापासून मला 'पोरी' म्हणायला लागला. पुढे ओटिस जितके दिवस घरी राहिला तितके दिवस त्याचा फोन नऊच्या आत आला. ट्रामवाल्यांना वेळेचं वेडच असतं.

गेल्या सप्टेंबरात कर्स्टीला कॅनडात, कॅलगरीला, नोकरी लागली. नवा नवरा तिथलाच. ओटिसला घेऊन ती गेली आणि आम्ही पटावरून त्याचं नाव कमी केलं. त्याच्या कोटाच्या खुंटीवर गोगलगायीचं चित्र होतं, ते एका नव्या मुलीला दिलं. नंतरच्या सोमवारी नऊच्या आत फोन वाजला.

"कॅटरॉल बोलतोय. ओटिस आज येणार नाही."

म्हाताऱ्याचं डोकं गेलं, असंच वाटलं. मी हळूच म्हटलं, "मिस्टर कॅटरॉल, ओटिस कॅलगरीला गेला ना?"

"हो. म्हणूनच येणार नाही. तिथून रोज कसा येईल?"

"मग फोन कशाला केलात?"

"तुमचाच नियम आहे ना."

"तो आमच्याकडच्या मुलांसाठी आहे."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच आवाज, पुन्हा ओटिस आज येणार नाही. मी वैतागलेच होते, एका हाताने कुणाचं तरी नाक पुसत होते, आणि तोंडातून सवयीने निघून गेलं, "कारण?"

मग तो म्हणाला, "सर्दी."

तेव्हापासून ओटिसला काय काय झालं ते विचारू नका. कांजिण्या दोनदा झाल्या. डोळे आले. कानात मटार गेला, तो निघता निघेना. मी पण कमी नव्हते. कांजिण्यांची खपली धरल्याशिवाय पाठवायचं नाही, डोळ्यात औषध घालताय ना, मटार शिजलेला होता की कच्चा, सगळं विचारायची. नोव्हेंबरात त्याने उलट्या सांगितल्या, तेव्हा मी नियम ऐकवला की शेवटच्या उलटीपासून अठ्ठेचाळीस तास पोराला घरीच ठेवायचं. तरी दुसऱ्या दिवशी फोन आलाच. "अजून नुसत्या पाण्यावर आहे," म्हणाला.

एकदाच तो वेगळं बोलला. डिसेंबरातली गोष्ट. तापाचं कारण सांगून झालं होतं, मी ठेवतच होते, तेवढ्यात त्याने विचारलं, "पोरी, फोन आला नाही तर तुम्ही अजून दार वाजवता ना?"

"मुलांसाठी वाजवतो."

"हो, मुलांसाठीच," तो म्हणाला.

त्या दिवशी घरी जाऊन मी टोस्टवर बीन्स घातले आणि तसेच ठेवून दिले, खाववेना. लोकरीच्या बंद पडलेल्या दुकानावर माझ्या दोन खोल्या आहेत. मुलगा ब्रिस्टलला असतो, नाताळला येतो, आला तर. शुक्रवारी संध्याकाळी दार लावून घेतलं की सोमवार सकाळपर्यंत माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. रॉनीच्या फोनची मी वाट बघत होते, हे कळायला मला इतके दिवस लागले. त्यानंतर तो फोन मी खुंट्यांच्या बोळात नेऊन घ्यायला लागले.

आमची मॅनेजर फिलिपा प्रेस्टनहून येते. मनाने वाईट नाही, पण तिच्या हातात कायम भरायचा कुठला तरी फॉर्म असतो. तिने दोनदा बजावलं होतं, "लोरेन, सकाळची लाइन मोकळी राहिली पाहिजे." मी हो म्हणायची आणि बोळात जायची.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी त्याने पुन्हा उलट्या सांगितल्या. "गाजरं दिसत होती," म्हणाला.

"मग अठ्ठेचाळीस तास घरी. गुरुवारी पाठवा."

"बरं पोरी. गुरुवारी." आवाज जरा दमल्यासारखा होता, पण थंडीच तशी पडली होती.

बुधवारी फोन आला नाही. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. मुलं बसून केळी खायला लागली. मी फोनकडे बघत होते आणि फिलिपा माझ्याकडे.

"तूच सांगितलंस ना अठ्ठेचाळीस तास?" ती म्हणाली. "नियम पाळतोय बिचारा. गुरुवारी करेल."

"मागच्या वेळी सांगूनही दुसऱ्या दिवशी केला होता."

"मागच्या वेळी नियम नीट कळला नसेल."

पटण्यासारखंच होतं ते. मी स्वतःलाही तेच सांगून पाहिलं. म्हातारा मजा करत असेल, गुरुवारी म्हणेल, बघ, कसा शिस्तीत वागलो. पण हात पुन्हा पुन्हा फोनकडेच जात होता. शेवटी मी त्याचा नंबर लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. पुढचं नाव बघायचं तर ओटिसच्या अर्जावर कर्स्टी आणि तो, बस. तिसऱ्या माणसाची जागा रिकामीच होती. कर्स्टीला लावला, तर तिकडे मध्यरात्र, फोन बंद.

मी कोट घेतला.

"लोरेन, ते मूल आपलं नाही," फिलिपा म्हणाली. "मी तुला कुठल्या नियमाखाली सोडू?"

"माझ्या चहाच्या सुट्टीखाली सोड."

"आणि दोघींनी जायचं असतं. मला दुसरी कुणी देता येणार नाही, मुलं जास्त आहेत."

"म्हणून तर एकटी चाललेय."

त्याचं घर ट्रामच्या रुळांपलीकडे आहे. समुद्रावरचा वारा तोंडावर मारत होता आणि मी मनातल्या मनात त्याला झापत चालले होते. नुसताच लोळत पडलेला असला तर काय काय बोलायचं ते सगळं ठरवलं होतं. असाच असू दे, झोपलेला असू दे, असं म्हणत मी अर्धी वाट पळाले.

दुधाची बाटली पायरीवर तशीच होती. मी घंटी दाबली, दार ठोठावलं. मग गुडघे टेकून बसले, पत्रं टाकायची फट उघडली आणि अशा वेळी दारात उभं राहून आम्ही म्हणतो तेच माझ्या तोंडून निघालं.

"पाळणाघरातून आलेय. ओटिस आज आला नाही, फोनही आला नाही. घरी सगळं ठीक आहे ना?"

मी फटीला डोळा लावला. मग जिन्याच्या पायथ्याशी मला एक चप्पल दिसली, आणि त्यापुढे उघडं पाऊल.

"उशीर केलास, पोरी." आवाज अगदी बारीक होता.

जीव भांड्यात पडला असं म्हणवत नाही, कारण ते पाऊल निळसर दिसत होतं. मी रुग्णवाहिकेला फोन केला, पत्ता सांगितला. दार फोडावं लागेल, तेही सांगितलं. फोनवरच्या बाईने मला बजावलं की त्यांना बोलतं ठेवा, झोपू देऊ नका. मी पुन्हा फटीला तोंड लावलं.

"कधी पडलात?"

"रात्री. चहा करायला उतरत होतो. कंबर गेली बहुतेक." मग तो म्हणाला, "फोन वाजला तो ऐकला मी. दोनदा. टेबलावर आहे, हात पुरेना. पण तू आहेस हे कळलं."

"बोलत राहा. ते निघालेत."

"थंडी वाजतेय."

"माहीत आहे. झोपायचं नाही." काय बोलावं सुचेना, म्हणून रोजचंच विचारलं. "ओटिस का आला नाही आज? कारण सांगा."

मी पुन्हा जोरात विचारलं, "मिस्टर कॅटरॉल, कारण?"

"आजोबा पडला त्याचा," तो म्हणाला.

मला रडू आवरेना. इतक्या महिन्यांत हे पहिलंच खरं कारण होतं. मी बाही वर केली आणि त्या फटीतून हात कोपरापर्यंत आत घातला. तो जिन्यापर्यंत पोचणार नव्हता, हे मला दिसत होतं. तरी बोटं उघडून तसाच धरून ठेवला.

"दिसतोय का?" मी विचारलं.

"दिसतोय," तो म्हणाला. "काढू नकोस."