डाव्या आरशातला दिवा

मी डावा आरसा बोलतोय. मोटारसायकलच्या हँडलवर डाव्या बाजूला असतो ना, तो. उजव्याला निदान थोडा मान आहे, ओव्हरटेक करायचं म्हटलं की त्याच्याकडे बघावंच लागतं. माझ्याकडे माणसं येतात ती केस सारखे करायला नाहीतर दातात अडकलेली मेथी काढायला. अनोळखी माणूससुद्धा रस्त्यात थांबून माझ्यात तोंड बघतो आणि चालू लागतो. पण तोंड दाखवणं हे माझं काम नव्हे. माझं काम मागचं दाखवणं.

माझी काच जरा फुगीर आहे. कारखान्यात मुद्दामच तशी करतात. त्यामुळे मागचा रस्ता माझ्यात जास्त मावतो, पण सगळं असतं त्यापेक्षा लहान आणि लांब दिसतं. ही माझी खोड लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हरेशनं मला पेणच्या शोरूममधून आणलं, म्हणजे गाडीसोबत आणलं. हरेश रोह्याचा, डोलवीच्या कंपनीत फिटर. गाडीला हार घातला, पेढे वाटले आणि दुसऱ्याच दिवशी स्पॅनर घेऊन आम्हा दोघा आरशांना उतरवलं. आरशांनी गाडीची स्टाईल जाते म्हणे! आमच्याकडची पोरं नवी गाडी घेतली की पहिलं काम हेच करतात. वर्षभर मी एका पत्र्याच्या डब्यात जुना प्लग आणि गंजलेल्या बोल्टांच्या सोबतीनं पडून होतो.

तिथून मला काढलं हितेशनं. हितेश धरमतरच्या खाडीकडच्या गावातला, हरेशच्याच शिफ्टमधला. बाप मिठागरात राबून गेला, घरी आई हौसा आणि बायको दिपिका. त्याचीही गाडी अगदी अशीच होती. गोव्याला जायचं ठरलं तेव्हा तो हरेशच्या दारात आला आणि गाडीकडे बघून थबकला.

"आरसे कुठं हायत रे?"

"काढले. तुला काय करायचेत माझे आरसे?"

"मी मागं असनार ना हऱ्या. मी पडलो तर तुला कसं कलंल? आरसे लाव, नायतर मी नाय येत."

हरेशनं नाक मुरडत डबा आणला. हितेशनं मला शर्टाच्या टोकानं पुसलं आणि स्वतःच्या हातानं घट्ट बसवलं. मग आपली गाडी मागे नेऊन हेडलाईट लावला आणि ओरडून विचारलं, "दिसतो का?" दिसत होता. तेव्हाच त्यांचा नियम ठरला. पुढे हरेश, मागे थोडा डावीकडे हितेश. आरशात लाईट दिसत राहिली पाहिजे. नाही दिसली तर थांबायचं. तरीही नाही आली तर परत फिरायचं.

गोवा झालं, कच्छ झालं, मग ते पार हिमाचलात जाऊन आले. वर्षभर सुट्ट्या साठवायच्या आणि एकदाच उडवायच्या. लोक विचारायचे, यात तुम्हाला मिळतं काय? मलाही आधी हाच प्रश्न पडायचा. पाठ मोडून येते, नाकाची सालं निघतात, भिजलेले मोजे इंजिनावर वाळवावे लागतात, धाब्याच्या खाटेवर ढेकूण चावतात. एवढे हाल माणूस आपण होऊन करून घेतो, हे मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

पण मी हरेशचे डोळे जवळून बघत होतो. तो दर थोड्या वेळानं माझ्याकडे बघायचा. हितेशचा दिवा दिसला की त्याचे वर चढलेले खांदे खाली यायचे. दिवसभर दोघांत एक शब्द होत नसे, हेल्मेटमध्ये बोलणार काय! पण कंपनीतून सुटताना दिसायचा तो चेहरा आणि हा चेहरा एकाच माणसाचा आहे असं वाटत नसे.

एकदा डोंगरात दिवा दिसेनासा झाला. एका बाजूला दरी, रस्ता अरुंद, अंगात थंडी भरलेली. हरेश थांबला, वाट बघितली, आणि तेवढ्याशा जागेत गाडी वळवून मागे गेला. हितेश एका दगडावर बसून बिस्किटं खात होता. चेन तुटली होती.

"घाबरला नायस?" हरेशनं विचारलं.

"कशाला घाबरू? तुझ्या आरशात नव्हतो ना मी. मंजे तू येनारच."

आता जे सांगायचं ते सांगून टाकतो.

त्या वर्षी ते हिमाचलातून परत येत होते. पावसाळा नुकताच संपला होता, रस्त्याच्या कडेला गवत माणसाच्या छातीएवढं वाढलेलं. दोघं थकून गेले होते. पनवेल मागे पडलं, पेणला चहाला थांबले. उन्हं अजून बरीच होती. हितेशनं माझ्या शेजारी उभं राहून घरी फोन लावला. पलीकडून दिपिकेचा आवाज मलाही ऐकू आला. "येताना पोह्याचं पापड आना. आयला आवडतात." फोन खिशात टाकून तो समोरच्याच दुकानात गेला, पापडांचं पाकीट आणलं आणि मागच्या सीटवरच्या जाळीखाली नीट सरकवलं.

"चल," तो म्हणाला. "भाकऱ्या टाकल्यात तिनं."

पेणहून वडखळचा नाका म्हणजे काहीच नाही. नाक्यावर दोघांच्या वाटा फुटत. हितेश दोनदा हॉर्न वाजवायचा, हात वर करायचा आणि धरमतरच्या रस्त्याला वळायचा. हरेश सरळ कासू, नागोठण्यावरून रोह्याला. दर वेळी हेच.

त्या दिवशी नाका यायच्या आधीच माझ्यातला दिवा हलला. एकदा डावीकडे गेला, सावरला, परत डावीकडे गेला आणि विझला. झोप लागली की काही आडवं आलं, मला माहीत नाही. मी दाखवतो, मला कारणं कळत नाहीत.

हरेशनं माझ्याकडे बघितलं. दिवा नव्हता. त्याचा पाय ब्रेकवर गेला, गाडी मंदावली. मागून ट्रेलर येत होते. कुठल्यातरी ट्रेलरच्या आड असेल, असं त्याला वाटलं असेल. आता तर हितेशचंच गाव आलं, असंही वाटलं असेल. उद्या पहिली शिफ्ट होती. पाय ब्रेकवरून निघाला. अख्ख्या हिमालयात जो थांबला, तो इथे थांबला नाही. नाक्यावर हॉर्न वाजला नाही, तरी तो रोह्यापर्यंत गेला.

आंघोळ करून तो ओट्यावर आला तोच दिपिकेचा फोन आला. हितेश पोचला नव्हता. हरेश क्षणभर माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "वैनी, तो तर नाक्यावर वळला. हॉर्न मारला, हात केला."

मी तिथेच होतो. ना हॉर्न होता, ना हात.

मग सगळं गाव शोधायला निघालं, पण नाक्यापासून गावाकडे. हरेशही आला आणि त्यांच्यासोबत त्याच रस्त्यावर शोधत राहिला. तोंड उघडायला तेव्हाही वेळ होता. हितेश सापडला सकाळी, म्हशी घेऊन निघालेल्या माणसाला. नाक्याच्या अलीकडे, पेणच्या बाजूला, भरावाखालच्या गवतात. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर बराच वेळ जिवंत असणार.

जाळीखाली पापडांचं पाकीट तसंच होतं. गर्दीत कुणीतरी म्हणालं, "वळून घराकडं गेला असंल. मग पापड आठवलं, परत पेनला गेला, नि येताना ह्यो घात झाला." सगळ्यांनी माना हलवल्या. हरेशनंही हलवली.

म्हणजे काय झालं, बघा. हितेश त्याच्या बायकोनं पापड सांगितले म्हणून मेला, असं ठरलं.

हरेश त्या घरी जात राहिला. तांदूळ आणून द्यायचा, गॅसची टाकी उचलून ठेवायचा, हितेशच्या कागदांसाठी कचेऱ्यांत खेटे घालायचा. मी अंगणात उभा असायचो आणि आतलं ऐकायचो. हौसा सुनेला वाकडं बोलत नसे असा दिवस नव्हता. "दारात आलेला माझा पोर तू माघारी धाडलास. पापडापायी गेला." दिपिका उलट बोलत नसे. तिलाही ते खरंच वाटत होतं. हरेश दोघींच्या मध्ये बसून चहा प्यायचा आणि गप्प राहायचा. हातातलं हत्यार हरवलं तर अख्खी शिफ्ट शोधणारा माणूस, पण हे एक वाक्य काही त्याला सापडेना. मला त्याची चीड येई. कीवही येई, पण चीड जास्त.

तेव्हापासून त्यानं मला खाली वळवून ठेवलं होतं. मला फक्त त्याचा बूट आणि रस्त्याचं डांबर दिसायचं.

पुढचा पावसाळाही संपला आणि गवत पुन्हा वाढलं. वर्षश्राद्धाच्या आधी दिपिका अंगणात आली. "भावजी, मला एकदा त्या रस्त्यानं न्या. पेनपासून नाक्यापर्यंत. त्यांनी मला कदी मागं बसवून लांब नेलं नाय. मला बगायचंय, काय व्हतं त्यात."

नाही म्हणायला तोंड कुठे होतं! त्यानं तिला पेणपर्यंत नेलं आणि परत फिरवलं. त्या जागेजवळ आल्यावर तीच म्हणाली, "थांबवा." उतरून ती गवताकडे बघत उभी राहिली. ट्रेलर गेले की तिचा पदर उडत होता.

"एक सांगा," ती म्हणाली. "घर टाकून, अंग मोडून जायचात. काय मिलायचं तुमाला?"

हरेशनं हेल्मेट काढलं. मला वाटलं, नेहमीसारखं काहीतरी पुटपुटेल. पण या एका प्रश्नाचं खरं उत्तर त्याच्यापाशी होतं आणि ते त्यानं कुणालाच कधी दिलं नव्हतं.

"कसं सांगू वैनी. कंपनीत कोन कोनाकडं बगत नाय, मशीनकडं बगतात. घरी आलो का झोपायचं. तिकडं आमी दिवसभर बोलायचो नाय, पन आरशात त्याची लाईट असायची. सकालपासून सांजपर्यंत. दिसली नाय का मी थांबायचो. कोन तरी आपल्या मागं हाय, नि आपुन त्याच्यासाठी थांबनार हाय. एवढ्यावर मानूस कुठं पन जातो बगा."

आपण काय बोलून गेलो ते त्याला कळलं होतं.

दिपिका हँडलपाशी आली. "ह्यो असा का वाकडा ठेवलाय?" म्हणत तिनं मला सरळ केलं आणि वाकून बघितलं. वर्षानं माझ्यात पहिल्यांदा मागचा रस्ता आला. गवत, भराव, पेणकडून येणाऱ्या गाड्या, त्यांचे भर दुपारी पेटलेले दिवे. एकेक दिवा मोजता येत होता.

"ह्याच्यात तर सगलं दिसतं." ती सरळ उभी राहिली. "मग त्या दिशी नाक्यावर त्यांची लाईट दिसत व्हती?"

हरेश हातातलं हेल्मेट पुन्हा घालायला लागला.

"भावजी, मी इचारते."

"नाय." मग खाली बघत, "पापड त्यानं पेनलाच घेतलं व्हतं, वैनी. तुमचा फोन ठेवला नि लगेच. माझ्यासमोर."

ती रडली नाही. रस्त्याकडेच्या दगडाचा आधार घेऊन खाली बसली आणि तशीच बसून राहिली. हरेश पुढे झाला तर तिनं हातानंच त्याला लांब ठेवलं. "वरीसभर मी त्या घरात चोरासारखी भाकर खाल्ली," ती म्हणाली. "आयला तुमी सांगा. आजच. माझ्या तोंडून तिला पटायचं नाय."

त्यानं गाडी अंगणात लावली आणि आत गेला. दाराकडे माझी पाठ होती, मला नुसते आवाज ऐकू आले. हरेश थोडंच बोलला. मला वाटलं हौसा किंचाळेल, पण नाही. तिचा आवाज आला तेव्हा अगदी साधा होता. "ही गाडी माझ्या दारातून काढ." आणि मग, "दिपिका, ये गो बाय. जेवून घे, भाकर गार व्हते."

रोह्यापर्यंत हरेश सारखा माझ्यात बघत होता. समोर कमी, माझ्यात जास्त. आता कंपनीत जायला तो कासूवरून जाणारी रेल्वे धरतो आणि गाडी बोळात उभी असते. रोज सकाळी तो मला पुसतो, पण केससुद्धा विंचरत नाही. पुसतो, माझ्यातून मागची भिंत बघतो आणि स्टेशनकडे जातो. गाडी भंगारात जाईल तेव्हा मीही जाईन. माझी तक्रार नाही.

तुमच्यापैकी कुणी लांबच्या वाटेला निघणार असेल तर जरूर जा. ते सुख खोटं नाही, मी बघितलंय. फक्त आरसे डब्यात टाकू नका, आणि घर जवळ आलं म्हणून मागच्याला सोडू नका. माझी खोड मी सुरुवातीलाच सांगितली होती. त्या दिवशी विझायच्या आधी हितेशचा दिवा माझ्यात ज्वारीच्या दाण्याएवढा, फार लांब दिसत होता. खरं तर तो इतका जवळ होता की हरेश थांबला असता, तर त्याची हाक ऐकू आली असती.