छपरावरचा भ्यालेला राक्षस

मित्रांनो, मी एक जुने कौल आहे. छपराच्या टोकाला बसवतात तसे, राक्षसाच्या तोंडाचे. १९३१ साली क्योतोच्या विणकरांच्या गल्लीत जे घडले, ते आठवले की अजून माझी माती थरथरते.

तोकुझो कौलवाल्याने मला घडवले. वटारलेले डोळे, सुळे, शिंगे. भट्टीतून काढताना तो हसला, "भलताच भेसूर झालास की रे बाबा! आता भुतं फिरकायची नाहीत." एवढेच काय ते माझे कौतुक.

सुताचे व्यापारी कुराहाशी यांनी मला छपरावर चढवले. माझी नजर नेमकी समोरच्या घरावर पडे. तिथे म्हातारे मोरिशिगे गुरुजी, त्यांची सून किनुए आणि छोटी नात नुई राहत. त्या हिवाळ्यात नुई तापाने फणफणली. राक्षसाने हाकललेली पीडा समोरच्या दारात शिरते, अशी आमच्याकडची समजूत.

"मामंजी, बघा कसा टवकारून बघतोय माझ्या लेकीकडे!" किनुए रडू लागली.

गुरुजींनी मान वर केली. "शूआकू!" हा पुस्तकातला जड शब्द. रूपही ओंगळ आणि मनही ओंगळ, असा त्याचा अर्थ.

"माझं छप्पर, माझा राक्षस!" कुराहाशी दारातून ओरडले. "खुपत असेल तर डोळे मिटा, गुरुजी!"

मी मात्र हादरले. रूप मला ठाऊक होते. मनाचे कोण सांगणार? खरेच माझ्या नजरेने पोर मरत होती का? डोळे मिटावेसे वाटले, पण मातीच्या डोळ्यांना पापण्या नसतात.

सकाळी शिडी लागली. गुरुजी हातोडा घेऊन चढले. मला पळताही येईना. हातोडा उगारला, तोच समोरची खिडकी सरकली.

"आजोबा!"

गुरुजींनी वळून पाहिले. दात आवळलेले, डोळे लाल.

नुई आईच्या कुशीत शिरली. "आई, राक्षस!"

तिचे बोट माझ्याकडे नव्हते.

हातोडा हळूहळू खाली आला. कुराहाशींनी धावत येऊन शिडी धरली. "सावकाश उतरा, गुरुजी." मग त्यांनीच तोकुझोकडून राक्षसांना पळवणारा शोकी देव घडवून घेतला आणि गुरुजींच्या छपरावर बसवला. तो माझ्याकडे डोळे वटारी. मी त्यालाही भ्याले.

नुईचा ताप उतरला. देवाने की औषधाने, कोण जाणे. गुरुजी युद्धाच्या वर्षांत गेले. तो शब्द त्यांनी पुन्हा उच्चारला नाही. सूत मिळेनासे झाले तसे कुराहाशी लेकीच्या गावी गेले. किनुएने नजर अधू होईपर्यंत माग चालवला. तोकुझोची भट्टी गवताखाली गेली. दोन्ही जुनी छपरे उतरवली, तेव्हा केस पिकलेल्या नुईने मला आणि शोकीला कापडात गुंडाळून घरी आणले. आता तिच्या अंगणात मी आणि शोकी शेजारी बसतो.

मित्रांनो, कुणाचे तोंड भेसूर दिसले तरी एवढा जड शब्द त्याच्यावर फेकू नका. अजूनही फाटकाशी कुणी थबकून पाहिले, की मला धडकी भरते: हा आता काय म्हणेल?