माझ्या पोटातलं गाव आणि अस्वलाचा दात

मी एक जुना पेन ड्राइव्ह आहे. दिसायला बोटाएवढा, पण पोटात अख्खं गाव आहे आणि पाठीवर अस्वलाच्या दाताची खूण. हसू नका मित्रांनो. हसणारे पुष्कळ भेटले, म्हणून तर सांगायला बसलो. बसलो म्हणजे काय, बसणं माझ्या नशिबातच नाही! आत्तासुद्धा मी एसटीत, कोणाच्या तरी खिशात, एका किल्लीशी भांडत चाललो आहे.

कारखान्यातला जन्म मला आठवत नाही. माझा खरा जन्म चंद्रपूरचा, प्रफुल नावाच्या पोराच्या हातचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो पोंभुर्ण्याला आत्याकडे, बायनाबाईंकडे यायचा. तिथल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये गुणवंतराव सरांचा कायदा कडक. "खेळा, पण माह्या मशीनीत काही टाकसान तं तंगडं मोडीन!"

म्हणून प्रफुलने सगळा खेळ माझ्यातच भरला. मी एका मशीनीला लागायचो, आणि तिथून वायरीने बाकीच्या मशीनींवर तोच खेळ उघडायचा. प्रफुल, बायनाबाईंची चंदा आणि त्यांचा दोस्त लालसू. तिघं तीन मशीनींवर, पण गाव एकच. ठोकळ्यावर ठोकळा ठेवून त्यांनी घरं बांधली, नदीवर पूल टाकला. खेळ संपला की सरांच्या मशीनीत मागमूस नाही. गाव माझ्यात, आणि मी चंदाच्या गळ्यातल्या दोरीला!

फार ऐट होती माझी तेव्हा. वाटायचं, थोडं सरकून बसलो तर ताडोबाचं जंगलही मावेल.

मग लालसूचं गडचिरोलीला शिकायला जायचं ठरलं. उद्या सायंकाळची गाडी, त्याआधी दुपारी शेवटचा डाव. गावातल्या त्याच्या घरावर छप्पर चढवायचं तेवढं राहिलं होतं. आणि त्या गावाची दुसरी कापी, म्हणजे नक्कल, कुठंच नव्हती.

नेमकी आदल्याच दिवशी चंदा रांजणातून पाणी काढायला वाकली, दोरी तुटली, आणि मी डुबुक! तिने मला पुसलं आणि अंगणात वाळत घातलेल्या मोहफुलांत ठेवलं. आमच्याकडे ओलं ते सारं तिथंच वाळतं. संध्याकाळी मात्र ती मला विसरली.

झुंजुमुंजू झालं आणि जंगलाकडून अस्वल आलं. मोहफुलांवर त्याचा जीव! फुलांसोबत मलाही त्याने तोंडात घेतलं. मित्रांनो, त्या तोंडात एवढी ऊब होती की माझ्या अंगातलं उरलंसुरलं पाणी वाफ होऊन उडालं. एकदा चावलं, तोंड वाकडं केलं आणि असं थुंकलं की मी थेट कुंपणापलीकडच्या पाल्यात!

सकाळी अंगणात आरडाओरडा. "कोणाची गाय येऊन माहा मोह खाऊन गेली वो!" बायनाबाई कपाळ बडवत होत्या.

"माय, माहा पेन ड्राइव्ह!" चंदा ओरडली.

"मोहाचा सत्यानाश झाला, अन् तू त्या चिमुकल्या डबीसाठी रडून राह्यली?"

प्रफुल आणि लालसू धावत आले. लालसूने मोहाची फुलं पाहिली, मातीतले ठसे पाहिले आणि सरळ कुंपणापलीकडे जाऊन मला उचललं.

"इतक्या दूर कसा गेला बे हा?" प्रफुल म्हणाला. "कावळ्यानं नेला असन."

लालसूने माझ्या पाठीवरची खूण बोटाने चाचपली. जंगलाकडे पाहून गालात हसला. "हो, कावळाच असन." खरं बोलला असता, तर बायनाबाईंनी चंदाला दुपारी घराबाहेर पाय ठेवू दिला असता का?

दुपारी मशीनीला लावलं, तर मी गप्प. लालसूचा चेहरा उतरला. "जाऊ दे. राह्यलं तं राह्यलं छप्पर."

"काऊन राहीन?" चंदाने मला काढलं, फुंकर मारली, पुन्हा लावलं. माझा दिवा लुकलुकला! गाव जसंच्या तसं. तिघांनी मिळून लालसूच्या घरावर छप्पर चढवलं.

मग चंदा प्रफुलवर उलटली. "सारंच धान कोणी पेरून टाकते का? बियाणं काढून ठेवावं लागते, इतकंही तुले कळत नाई?"

"ठेव ना बाई, नाई कोण म्हणते?"

तेव्हापासून गावाची एक कापी दुसऱ्या पेन ड्राइव्हमध्ये, बायनाबाईंच्या बियाण्याच्या कोठीवर डब्यात असते. ती खेळायची नाही. खेळायचं ते माझ्यातल्याच गावात. म्हणून मी पोंभुर्णा, गडचिरोली, चंद्रपूर असा फिरतच असतो. ज्याच्याकडे जातो, तो बाकीच्यांसाठी काहीतरी बांधून ठेवतो. जिवाला चैन नाही, पण पडून राहण्यापेक्षा हे बरं.

मित्रांनो, माझा दिवा लुकलुकत असताना मला ओढू नका. जे गाव एकदाच बांधलं जातं, त्याचं बियाणं ठेवा. आणि कोणी दूर गेला, तरी त्याचं घर पाडू नका.

मागच्या खेपेला मी गडचिरोलीहून परतलो. चंदाने गाव उघडलं. लालसूच्या दारात काळ्या ठोकळ्यांचं एक दांडगं अस्वल उभं होतं, आणि त्याच्या तोंडात बोटाएवढं काहीतरी.

"हे काय बांधलं याने?" चंदा म्हणाली.

आता हसा!