डोणीतले शिंपले

बत्तीस सालची गोष्ट. शुक्रवार पेठेतले कमलाकर मास्तर शाळेत शास्त्र शिकवायचे. भीमेतून टोपलीभर शिंपले आणून त्यांनी परसातल्या हौदात सोडले आणि हेडमास्तरांना सांगून बसले, "दिवाळीपर्यंत यांच्या कल्ल्यांत पिल्लं दाखवतो!" हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! हेडमास्तर म्हणाले, "दाखवलीत तर शाळेत हौद बांधून देतो. नाहीतर हा नाद सोडा."

झालं! मास्तरांची बायको गोदावरी कामाला लागली. तिच्याइतकी स्वच्छता अख्ख्या पेठेत नव्हती, हे तिचा दुस्वास करणारेसुद्धा कबूल करतील. शेजारच्या बोळातली सोजरबाई म्हशीचं दूध घालायची, तर चरवी उंबऱ्याबाहेर ठेवायची. गोदावरी वरून पाणी शिंपडून मगच ती आत घ्यायची. शिंपल्यांचंही तेच. रोज न्हाऊन हौद घासायचा, आडाचं पाणी फडक्यातून गाळून भरायचं.

शिंपले बिचारे गुणाचे, मरतही नव्हते आणि वाढतही नव्हते. श्रावणात सात-आठ अगदीच मरतुकडे निघाले. फेकायला जीव होईना, म्हणून तिनं ते सोजरबाईच्या दगडी डोणीत सोडले. म्हशी पाणी प्यायच्या त्या डोणीत. पाणी हिरवंगार, शी!

दिवाळी आठ दिवसांवर आली. मास्तर रोज एखादा शिंपला किलकिला करून बघायचे. कल्ले तसेच पातळ. ते बघून गोदावरीनं हौद आणखी घासला.

एका सकाळी सोजरबाई ओरडतच आली. "वैनी, ह्ये बगा की! तुमी टाकल्याली ती मरतुकडी!"

पदरात तळहाताएवढे शिंपले. मास्तरांनी एक अलगद उघडला. कल्ले उशीसारखे टम्म, आत पिल्लांची ही दाटी! मास्तर सोजरबाईकडे वळले.

"काय खायला घातलंस गं यांना?"

"म्या कशाला घालू? डोणीतलं हिरवं पानी हाय की, त्येच खात्यात. वैनींचं पानी लई चोख. चोख पान्यानं कुणाचं पोट भरतंय व्हय?"

गोदावरीनं हातातली घागर खाली ठेवली. "अहो, म्हणजे मी त्यांना उपाशी ठेवलं. रोज न्हाऊन, गाळून उपाशी ठेवलं!" तिला रडूच फुटलं.

"अगं, पाणी स्वच्छ ठेव असं मीच बजावलं होतं," मास्तर म्हणाले. "काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

गोदावरीनं पदर खोचला, डोणीतलं हिरवं पाणी आपल्या हातानं बादलीत भरून आणलं आणि हौदात ओतलं. "सोजरबाई, तुझे उपकार कसे फेडू गं?"

"माजं कसलं उपकार? म्हशीचं माना."

दोन दिवसांनी हेडमास्तर येऊन बघून गेले, शाळेत हौद बांधायचं कबूलही करून गेले.

दुसऱ्या दिवशी सोजरबाईनं सवयीनं चरवी उंबऱ्याबाहेर ठेवली आणि ती बाजूला उभी राहिली. गोदावरी आली. हातात पाण्याचा तांब्या नव्हता, ओटीचं तबक होतं.

"बाहेर का उभी? आत ये की," ती म्हणाली. मग वाकून तिनं चरवी उचलली आणि तशीच चुलीपाशी घेऊन गेली.