माप देणारी माणसं

मोठ्या मास्तरांच्या वहीत माप चढलं की कापड कापायचं, हा त्या शिंप्याच्या दुकानाचा कायदा. त्यांचा मुलगा, धाकटा मास्तर, तो कायदा तीस वर्षं डोळे मिटून पाळत आला. म्हणूनच तर खुंटीवर तीन शर्ट लोंबकळत राहिले. माप चोख, शिलाई चोख, पण न्यायला काळं कुत्रं फिरकेना.

“बाबा, हा साडेसतरा खांद्याचा माणूस कोण?”

“येईल रे. सज्जन आहे. माप देताना हूं नाही की चूं नाही.”

बाबा विसरतात म्हणावं, तर सकाळी अख्ख्या गल्लीच्या कंबरा तोंडपाठ सांगत आणि दुपारी कात्री कशी धरायची यावर अडत. चालताना पाय घासत, झोपेत ओरडत, लाथा झाडत. शेवटी मुलाने ओळखीच्या औषधवाल्याकडून डोकं शांत करणारी गोळी आणली. दोन दिवस बाबा लाकडासारखे ताठ, घासही गिळवेना. मुलाचं धाबं दणाणलं. गोळी बंद करून त्याने मेंदूच्या डॉक्टरबाईंचा दवाखाना गाठला.

तिथे म्हातारा असा खुलला की विचारू नका.

“बाई, तुमचा डावा खांदा पाव इंच खाली आहे. कोट शिवणाऱ्याने बघितलंच नाही.”

बाई हसल्या. मुलगा मनात चरफडला. घरी आम्हाला रडकुंडीला आणायचं आणि इथे मैफल! आता खोटा मीच ठरणार.

मग बाईंनी कागद पुढे केला. एकमेकांत अडकलेल्या दोन आकृत्या बघून काढायच्या होत्या. खडूच्या एका फटकाऱ्यात कॉलर आखणारा तो हात कागदावर भरकटत गेला. रेघा एकमेकींना भेटेनात. मुलाला आपल्या चरफडण्याची लाज वाटली.

“इतरांना न दिसणारी माणसं दिसतात का हो तुम्हाला?” बाईंनी सहज विचारलं.

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. “दिसतात. दुकानात येऊन उभी राहतात. माप नाही घेतलं तर बरं दिसत नाही.”

“मला का नाही सांगितलंत?” मुलगा म्हणाला.

“तू कात्री काढून घेतली असतीस.”

कात्री कपाटात टाकायचं मुलाने परवाच ठरवलं होतं.

बाईंनी आणखी तपासण्या करून घेतल्या आणि पुढच्या खेपेला समजावून सांगितलं. “याला लुई बॉडी डिमेन्शिया म्हणतात. मेंदूच्या पेशींत एक प्रथिन साठत जातं. एक दिवस छान, एक वाईट, हे सोंग नाही. झोपेतल्या लाथाही त्यातल्याच. हा आजार बरा होत नाही, पण सांभाळता येतो. औषध थोडं थोडं वाढवत नेऊ. तुम्ही सांगितलीत ती गोळी मात्र पुन्हा नको, कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी आधी हे सांगायचं. आणि दिसणाऱ्या माणसांवरून भांडू नका. बाबांनी विचारलं, तर शांतपणे खरं सांगा.”

परतताना मुलगाच म्हणाला, “कापायचं ते मी शेजारी असताना. आणि माप मोठ्याने सांगायचं, लिहीन मी. माणूस मला दिसला तर वहीत.”

“आणि नाही दिसला तर?”

“तर म्हणेन, बाबा, हा तुमचा.”

“चालेल,” म्हातारा म्हणाला आणि खुदकन हसला.

मुलाने अंधाऱ्या कोपऱ्यातले माणसांसारखे भासणारे कोट हलवून तिथे झगझगीत दिवा लावला. औषधाने त्या माणसांची गर्दीही ओसरली. कधीमधी एखादा यायचाच. “हा तुमचा, बाबा,” म्हटलं की म्हातारा टेप गळ्यात टाकून त्याला बसायला सांगे. वहीत पुन्हा खोटं माप चढलं नाही.

मग एक वाईट दुपार आली. मुलगा इस्त्री करत होता. बाबा पाय घासत त्याच्यासमोर येऊन थांबले. नजरेत ओळख नव्हती.

“जरा ताठ उभे राहा, साहेब.”

त्याने इस्त्री बाजूला ठेवली आणि ताठ उभा राहिला. टेप पाठीवरून फिरली.

“छाती चाळीस. खांदा साडेसोळा.” मग बाबांनी रिकाम्या मशीनकडे तोंड करून मुलाला हाक मारली, “अरे, लिहितोस ना? हा खरा आहे का रे?”

जागचं न हलता मुलाने हात लांबवून वही ओढली.

“खरा आहे, बाबा,” तो म्हणाला. “बाही किती?”